नोकरी गेलेला पोलीस आणि विनोदी रहस्यकादंबरी: गोव्यात घडणारी गोष्ट कोणत्या क्रमाने बांधावी

विनोदी रहस्यकादंबरी लिहायला घेणारे बहुतेक जण एकाच वळणावर अडकतात. पहिली पन्नास पानं झकास उतरतात. नोकरी गेलेला फौजदार, तावेर्नमधलं, म्हणजे गावातल्या दारूच्या गुत्त्यातलं, त्याचं ठरलेलं बाकडं, बायकोचे टोमणे, शेजाऱ्याचा कुत्रा. मग खून होतो आणि कादंबरी लंगडू लागते, कारण खुनाचा विचारच झालेला नसतो. तो दोन गमतींच्या मध्ये कुठंतरी खोचलेला असतो. वाचक विनोदासाठी आला असला तरी तपास पोकळ निघाला की तो चिडतो, आणि त्याचं चिडणं बरोबर आहे.

म्हणून खाली दिलेला क्रम पाळा: आधी गुन्हा, मग माणूस, मग पुरावे, आणि हसू सगळ्यांत शेवटी.

## तयारी: पहिलं वाक्य लिहिण्याआधी

टेबलावर चार गोष्टी हव्यात.

१. तालुक्याचा नकाशा. तालुका खरा ठेवा, गाव काल्पनिक ठेवा. तिसवाडीतलं एखादं बेट, बार्देशातला वाडा, डिचोलीजवळची बंद खाण, काहीही चालेल. पण गावाला आणि पोलीस आउटपोस्टला स्वतःचं नाव द्या. लाच खाणारा निरीक्षक खऱ्या ठाण्यात बसवला की एखादा खरा माणूस दुखावतो, आणि प्रकाशकही बिचकतो.

२. कॅलेंडर. घटना कोणत्या महिन्यात घडते ते आधी ठरवा. हुराक, म्हणजे काजूच्या रसाची दारू, मार्च ते मे या काजूच्या हंगामातला. डिसेंबरात नायकाच्या हातात हुराकाचा ग्लास दिलात, तर गोव्यातला वाचक तिथंच पुस्तक मिटेल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दिवसांत ट्रॉलरवरचा साक्षीदार चालत नाही. सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण, २४ जूनला. नरकासुराच्या रात्री, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, पोरं पहाटेपर्यंत जागी असतात, म्हणजे त्या रात्री कुणालाही न दिसता काही करणं अवघड आणि गर्दीत मिसळून करणं सोपं.

३. भरती-ओहोटीचं वेळापत्रक. नदीकाठचं गाव असेल तर हे लागतंच. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. काल रात्री दहाला भरती होती, तर आज दहा पन्नासच्या आसपास.

४. हुद्द्यांचा आणि कलमांचा कागद. गोव्यात पोलीस आयुक्तालय नाही. आयुक्त, सहाय्यक आयुक्त ही पदं मुंबई-पुण्याच्या कादंबऱ्यांतून इथं घसरत येतात, ती काढा. कॉन्स्टेबल, हवालदार, एएसआय (सहायक उपनिरीक्षक), पीएसआय (उपनिरीक्षक), पीआय (निरीक्षक), उपअधीक्षक, अधीक्षक आणि सर्वांत वर महासंचालक, ही उतरंड ठेवा.

कलमंही बदलली आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत. त्यानंतरची गोष्ट असेल तर खुनाला ३०२ लिहू नका, १०३ लिहा. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये आहे. जुन्या फौजदाराच्या तोंडी मात्र जुनेच आकडे बसले असणार. तो ‘तीनशे दोन’ म्हणतो आणि नवी पीएसआय शांतपणे ‘एकशे तीन, काका’ म्हणते. यात त्याची खिल्ली उडत नाही आणि त्याचा काळ मागे पडल्याचं एका ओळीत कळतं.

> तपासा: कागदावर महिना, वार, भरतीची वेळ आणि ठाण्याची हद्द लिहिली आहे का? यातलं एक जरी रिकामं असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: गुन्हा आधी, तोही गुन्हेगाराच्या बाजूने

नायक बाजूला ठेवा. गुन्हेगाराने काय, कधी, कशासाठी केलं ते दोन पानांत सरळ लिहा. विनोद नको, कोडं नको. वार आणि वेळ टाकत जा.

गोव्यात गुन्ह्याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. जमीन आहे. मालक पोर्तुगालमध्ये किंवा आखातात, घर बंद, आणि अचानक कुणीतरी जुन्या तारखेचा विक्रीचा दस्त घेऊन उभा राहतो. अशा प्रकरणांच्या तपासासाठी राज्य सरकारने २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमलं होतं, म्हणजे वाचकाला हा विषय ऐकून माहीत आहे. तुम्हाला समजावत बसावं लागणार नाही.

पण इथंच सर्वांत मोठी चूक होते. ‘बापाने मृत्युपत्र करून सगळं धाकट्याच्या नावे केलं, म्हणून थोरल्याने खून केला’ हा साचा गोव्यात उभा राहत नाही. इथं पोर्तुगीज काळापासून चालत आलेला समान नागरी कायदा आहे. मुलं असतील तर मालमत्तेच्या निम्म्या भागावर त्यांचा हक्क राखीव असतो. मृत्युपत्राने उरलेलाच निम्मा भाग देता येतो. शिवाय लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक धरली जाते. म्हणजे बापाच्या हातात त्याचा अर्धा, आणि त्याच्याही अर्ध्याचंच मृत्युपत्र. घर विकायचं तर बायकोची सही लागते. एवढं समजलं की कथानक आपोआप इथलं होतं: खोटी सही बापाची नसते, आईची असते.

उदाहरण म्हणून एक गुन्हा पुढे नेऊ. काल्पनिक बेटावरचं गाव. एक म्हातारा, निवृत्त कारकून, आयुष्यभर जुने दस्त हाताळलेला. त्याने एका दस्तावरची सही खोटी असल्याचं ओळखलं. गुरुवारी रात्री त्याचा खून होतो. शनिवारी सकाळी तो खाजनातल्या, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या, पोयीत, म्हणजे बांधाच्या आतल्या पाण्यात, तरंगताना सापडतो. शुक्रवारी दिवसभर खुनी त्याच्याच घरात कागद शोधत असतो.

> इशारा: खुनी शेवटच्या तीन प्रकरणांत ठरवू, असं म्हणून सुरुवात करू नका. तसं केलं की आधीचे सगळे पुरावे मागाहून चिकटवावे लागतात आणि शिवण दिसते.

## टप्पा २: नोकरी कशी गेली ते नेमकं ठरवा

‘माजी पोलीस’ एवढं पुरत नाही. चार वेगळी माणसं संभवतात.

वय झाल्यावर निवृत्त झालेल्याला पेन्शन असते, निरोपसमारंभाची शाल असते आणि ठाण्यात चहा मिळतो. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याबद्दल गावात कुजबुज असते. सक्तीने निवृत्त केलेल्याची पेन्शन साधारणपणे राहते, मान जातो. बडतर्फ झालेल्याची पेन्शनही जाते. आणि निलंबित माणूस माजी नसतोच. तो नोकरीत असतो, निर्वाह भत्ता घेत असतो. निलंबित नायकाला ‘माजी’ म्हणणं ही नेहमीची चूक आहे.

बडतर्फीचं प्रकरण असेल तर आधी चौकशी झालेली असते. राज्यघटनेच्या कलम ३११ प्रमाणे, मोजके अपवाद सोडले तर, तिच्याशिवाय काढता येत नाही. म्हणजे एक फाइल आहे, साक्षी आहेत, आणि त्याच्याविरुद्ध बोललेला एक सहकारी आजही ठाण्यात बसतो. हा सहकारी फुकट मिळालेलं पात्र आहे. सोडू नका.

नोकरी जाण्याचं कारण एका वाक्यात लिहा आणि त्यात नायकाचा थोडा तरी दोष ठेवा. ‘प्रामाणिक होता म्हणून काढलं’ हे वाचून कुणाला हसू येत नाही आणि कुणाचा विश्वासही बसत नाही. ‘जप्त केलेली फेणी मोजताना सात बाटल्या कमी भरल्या आणि पंचनाम्यावर सही त्याची होती’ हे चालेल. बाटल्या कुणी नेल्या ते शेवटच्या प्रकरणापर्यंत राखून ठेवा.

> इशारा: पिणं हा एकच दोष देऊ नका. दारुडा हवालदार फार वापरून झाला आहे, आणि ज्या घरात खरोखर व्यसन आहे तिथल्या वाचकाला त्यात गंमत वाटत नाही. पिणारा असेल तर निदान दुसरी खोड द्या: उधारी, हट्टीपणा, सगळं लिहून ठेवायची सवय.

## टप्पा ३: काय गेलं, काय उरलं

दोन रकाने करा. या कादंबरीचा कणा इथं आहे, म्हणून यावर वेळ घालवा.

गेलं: अटक, झडती, जप्ती, कुणाला बोलावून घेणं, मोबाइलचे कॉल तपशील, शवचिकित्सेचा अहवाल, वायरलेस, जीप. झडती आणि जप्तीचं आता व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं, त्यामुळे ‘जरा आत जाऊन बघून आलो’ हेही नव्या लोकांना परवडत नाही.

उरलं: चेहरे लक्षात राहणं. माणूस खोटं बोलताना काय करतो ते ओळखणं. कोणत्या टेबलावर कोणता कागद असतो याची माहिती. माहिती अधिकाराचा अर्ज करता येणं. त्याला उत्तर तीस दिवसांत येतं, म्हणजे ते कादंबरीच्या गतीने चालत नाही आणि नेमक्या वेळी नायकाच्या दारात येऊन पडू शकतं. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा, उतारा काढता येणं. आणि फेरीबोटीत, बारमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर, देवळाच्या सभामंडपात वाटेल तितका वेळ बसता येणं.

आता या रकान्यांतली सर्वांत मोलाची गोष्ट. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ तेच सांगतं. पण आपला नायक आता पोलीस नाही. त्याच्यापुढे कुणी स्वेच्छेने, ताब्यात नसताना काही कबूल केलं, तर न्यायालय ते ऐकू शकतं. असा पुरावा कमजोर धरला जातो, त्याला आधार लागतो, पण तो दाखल होतो. गेलेली वर्दीच त्याच्या कामी येते. शेवटचा प्रसंग याच्यावर बांधा, कादंबरी घट्ट बसेल.

> तपासा: कबुलीच्या प्रसंगात आरोपी पोलिसांच्या ताब्यात नाही ना? असेल आणि समोर दंडाधिकारी नसेल, तर ती कबुली निकामी. नायकाने धमकावलं, मारलं किंवा आमिष दाखवलं असेल तरी निकामी.

## टप्पा ४: पोलिसांचा तपासही नीट चालवा

नायक हुशार दिसावा म्हणून ठाण्यातल्या सगळ्यांना मूर्ख करू नका. ते नियमाप्रमाणे जातात आणि नियमाप्रमाणे जातानाच चुकतात, असं ठेवा.

पाण्यात मृतदेह सापडला की पहिल्याच मिनिटाला खुनाचा गुन्हा दाखल होत नाही. आधी अनैसर्गिक मृत्यूची नोंद, सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. परिसरातल्या किमान दोन प्रतिष्ठित माणसांसमोर मरणोत्तर पंचनामा. मग शवचिकित्सा, उत्तर गोव्यातलं प्रकरण असेल तर बहुधा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. घातपात दिसला की कलम १७३ खाली एफआयआर. या मधल्या काळात पीएसआय ‘बुडून मृत्यू’ म्हणते, ते निष्काळजीपणामुळे नव्हे. तिच्याकडे तेवढाच कागद आहे.

आणि पंच निवडणं हा प्रसंग सोडू नका. भल्या सकाळी गावात दोन प्रतिष्ठित माणसं उभी करायची, त्यातला एक निवडणुकीत पडलेला माजी पंचायत सदस्य, दुसऱ्याला बँकेत जायची घाई. यात मृताचा अवमान न करता विनोद होतो.

## टप्पा ५: पुराव्यांचा तक्ता, आणि गमतीत दडवलेला पुरावा

आठ ते दहा पुरावे पुरतात. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: पहिल्यांदा कुठं दिसतो, वाचक त्याचा काय अर्थ लावेल, खरा अर्थ काय. प्रत्येक पुरावा उलगड्याआधी किमान दोनदा दिसला पाहिजे.

आपल्या उदाहरणातले दोन पुरावे जवळून पाहू.

मानशीचं दार. खाजनाच्या बांधात मानस, म्हणजे पाणी सोडायचं झडपांचं दार, असते. ओहोटीला तिच्या झडपा नदीकडे उघडतात आणि आतलं पाणी निघून जातं. भरतीला नदीच्या दाबाने त्या मिटतात. झडपा कुणी मुद्दाम उघड्या धरल्या नाहीत, तर नदीतून वाहत आलेलं काहीही मोठं आत येत नाही. पोलीस म्हणतात, म्हातारा फेरीच्या धक्क्यावरून पडला आणि वाहत पोयीत आला. मानशीवर जाळं लावणारा म्हणतो, दार मी उघडलं नव्हतं. नायक लहानपणी याच पाण्यात पोहला आहे. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे की म्हाताऱ्याला आतल्या बाजूनेच टाकलं. ऐकतो कोण?

पावाची पिशवी. नायकाला पंचनाम्याच्या भाषेत विचार करायची सवय आहे. पहिल्या प्रकरणात सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेल्यावर तो मनात म्हणतो:

*‘फाटकाला अडकवलेली एक कापडी पिशवी, निळी, एका बाजूने उसवलेली. आत चार उंडे, पैकी एकाचा कोपरा कावळ्याने नेलेला. पंच हजर नाहीत. पत्नी हजर आहे, पण सही करण्यास नकार देते.’*

वाचक हसतो आणि पुढे जातो. दुसऱ्यांदा असाच पंचनामा तो फेरीतल्या स्कूटरींचा करतो. तिसऱ्यांदा, शनिवारी, म्हाताऱ्याच्या फाटकाशी: *‘एक पिशवी, रिकामी.’* वाचक पुन्हा हसतो. दहा प्रकरणांनंतर पोदेर सहज सांगतो की शुक्रवारी त्याने त्या पिशवीत दोन उंडे टाकले होते. म्हातारा गुरुवारी रात्रीच गेलेला. मग पाव घेतले कुणी?

गमतीचा एक नमुना तीनदा वापरायचा आणि तिसऱ्या वेळी त्यात पुरावा ठेवायचा. चौथ्यांदा वापरला तर तो शिळा होतो.

> इशारा: पुरावा सापडला त्याच परिच्छेदात नायकाला अर्थ उमगू देऊ नका. मध्ये निदान एक पूर्ण प्रकरण जाऊ द्या.

## टप्पा ६: आता हसू

इथं पोचेपर्यंत विनोदाची बरीचशी सोय झालेली असते. अधिकार गेलेला माणूस जुन्या अधिकाराने वागायला जातो, तिथं हसू येतं. तो फेरी थांबवायला हात वर करतो आणि फेरी थांबत नाही. त्याच्या हाताखाली शिकलेला कॉन्स्टेबल आता त्याला दोरीच्या पलीकडे उभं करतो.

तीन हद्दी पाळा. मृत माणसावर विनोद नको. म्हाताऱ्याच्या घरी दिवस घालत असतील तर ते प्रकरण शांत ठेवा. हसणारा वाचक त्या एका गंभीर प्रकरणामुळेच पुढचं मनापासून वाचतो. मारझोडीवर, कोठडीवर विनोद नको. आणि कुठल्याही समाजाला सोंगासारखं उभं करू नका. हिंदी सिनेमाने गोव्याचा ख्रिश्चन माणूस म्हणजे मोडकं हिंदी बोलणारा पिणारा असं चित्र पुष्कळ वर्षं चालवलं. त्याच गावात चर्चच्या कॉयरला शिकवणारा, शेत कसणारा, वकिली करणारा माणूस राहतो. तो लिहा.

## टप्पा ७: संवादाची भाषा

निवेदन मराठीत, बोलणं कोकणीकडे झुकलेलं, हा मेळ गोव्याच्या वाचकाला नैसर्गिक वाटतो, कारण घरात कोकणी आणि वाचायला मराठी हे कितीतरी घरांत रोजचं आहे. पण प्रमाण सांभाळा. प्रसंगात दोन-तीन कोकणी वाक्यं, तीही संदर्भाने कळणारी. ‘तुमी घरा वचात, हांव पळयतां’ हे साताऱ्याच्या वाचकालाही कळतं. पानभर कोकणी त्याला जड जाईल.

हाक मारणं नात्याप्रमाणे बदला. बारवाला नायकाला अजून ‘पात्रांव’, म्हणजे मालक, म्हणतो, शेजारची म्हातारी ‘बाबा’ म्हणते, जुना हवालदार सवयीने ‘सायबा’ म्हणून जातो आणि मग इकडेतिकडे बघतो. बायको नाव घेत नाही. नवी पीएसआय ‘काका’ म्हणते. कादंबरीत एकदाच, योग्य ठिकाणी, तिने ‘सर’ म्हणावं.

## टप्पा ८: लिहिण्याचं माप

पन्नास ते साठ हजार शब्द, तीसेक प्रकरणं, प्रत्येक साधारण दोन हजारांच्या आत. मृतदेह तिसऱ्या प्रकरणाच्या आत सापडावा. पाच संशयित, सगळे दहाव्या प्रकरणापर्यंत भेटलेले. विसाव्याच्या सुमारास नायक चुकीच्या माणसावर बोट ठेवतो आणि त्याची जाहीर फजिती होते. ही फजिती खरी हवी, तिने कुणाचं तरी नुकसान झालं पाहिजे. पंचविसाव्यानंतर नवं पात्र नको, नवा पुरावा नको.

पहिला खर्डा थांबून दुरुस्त करत लिहू नका. पूर्ण करा, दोन आठवडे बाजूला ठेवा, मग तीन फेऱ्या वेगवेगळ्या मारा.

पहिल्या फेरीत फक्त वेळापत्रक: वार, भरती, शेवटची फेरीबोट, कोण कुठं होतं. दुसऱ्या फेरीत फक्त पुरावे, तक्ता शेजारी ठेवून. तिसऱ्या फेरीत विनोद, आणि तिथं हात सैल सोडून काटा. जो विनोद काढल्यावर पात्राबद्दलची किंवा गुन्ह्याबद्दलची कुठलीही माहिती कमी होत नाही, तो जाऊ द्या, कितीही आवडता असला तरी.

> शेवटची तपासणी: खर्डा दोघांना वाचायला द्या. एक गोव्यात राहणारा, एक गोवा फक्त फिरायला आलेला. पहिल्याला विचारा, ‘कुठं खोटं वाटलं?’ दुसऱ्याला विचारा, ‘कुठं कळलं नाही?’ दोघांनाही विसाव्या प्रकरणाशी थांबवून खुनी कोण ते कागदावर लिहायला लावा. दोघांचंही उत्तर बरोबर आलं तर पावाच्या पिशवीसारखा एखादा पुरावा जास्त उघडा पडला आहे. उलगडा झाल्यावर ‘हे आधी कुठं आलं होतं?’ असं दोघांनीही विचारलं, तर तोच पुरावा आणखी एकदा दिसायला हवा.